केरेवे भाषेत लिहिलेली, स्वाहिलीत छापलेली कादंबरी : अनिसेती कितेरेझा आणि उकेरेवे बेट

पाणकणीस

नमस्कार मंडळी, बरेच दिवस हा विषय डोक्यात घोळतोय, आज बसून लिहूनच टाकते. लांबलंय, सांभाळून घ्या.

आफ्रिकन साहित्य म्हटलं की आपल्याकडे ठरलेली दोन-तीन नावं निघतात, अचेबे, सोयिंका, फार तर न्गुगी. मीही तिथेच होते. मग एका वाचनालयात एक जाडजूड पुस्तक हाती लागलं, सहाशेहून जास्त पानांचं, शीर्षकच इतकं लांब की कार्डावर मावेना, म्योंबेकेरे, त्याची बायको बुगोनोका, मुलगा न्तुलानाल्वो आणि मुलगी बुलिह्वाली, अशी चौघांची नावं. लेखक अनिसेती कितेरेझा. नाव कधी ऐकलेलं नव्हतं. घरी आणलं आणि पुढचे दोन महिने दुसरं काही वाचलं नाही.

कितेरेझांचा जन्म १८९६ चा, उकेरेवे बेटावरचा. व्हिक्टोरिया सरोवरातलं हे सगळ्यात मोठं बेट, आज टांझानियात येतं. केरेवे लोकांचं तिथे स्वतःचं राज्य होतं, राजाला ओमुकामा म्हणत, आणि पाऊस पाडणं ही राजाची जबाबदारी मानली जायची. कितेरेझा याच राजघराण्यातले. शिकले मात्र मिशनच्या शाळेत, पुढे सरोवराच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या बुकोबाकडच्या रुब्या सेमिनरीत, तिथे लॅटिनसुद्धा झालं. पाद्री व्हायचे ते झाले नाहीत, १९१९ मध्ये आन्नाशी लग्न केलं. मुलं झाली, एकही जगलं नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

नंतर काही वर्षं एका इटालियन व्यापाऱ्याकडे नोकरी, मग परत बेटावर, कागुंगुलीच्या मिशनच्या कामात. आणि तिथे असताना हा माणूस केरेवेत कादंबरी लिहायला बसला. म्हणजे विचार करा ना, त्या भाषेत त्याच्या आधी कादंबरी नावाची वस्तूच नव्हती. जे छापील होतं ते मिशनचं, धर्माचं. अलमास सिमार नावाचे कॅनडाचे फ्रेंचभाषक पाद्री तिथे होते, त्यांनी प्रोत्साहन दिलं की तुमच्या जुन्या रीतीभाती लिहून ठेवा. आता रीतीभाती लिहायच्या तर साधा मार्ग म्हणजे प्रकरणं पाडायची, लग्न, जन्म, मृत्यू, शेती, मासेमारी, आणि एकेकावर टिपण. कितेरेझांनी तसं केलं नाही, त्यांनी एक नवराबायको घेतले आणि त्यांचा संसार सांगितला, सगळ्या रीती त्या संसारात जिथे लागतील तिथे आपोआप येतात.

गोष्ट अशी. म्योंबेकेरे आणि बुगोनोका यांना मूल नाही. नवऱ्याकडचे लोक तिला घालूनपाडून बोलतात, तिच्या माहेरच्यांच्या कानावर जातं आणि ते लेकीला उचलून घरी घेऊन येतात. आता हा एकटा. घरात चूल पेटवायला कोणी नाही, आणि त्याचं तिच्यावर मनापासून प्रेम आहे. दुसरी करून मोकळा हो असं आजूबाजूचे सांगतात, त्याला तीच हवी. मग सासुरवाडीला जाणं, पडतं घेणं, आणि सासऱ्याने दंड म्हणून मागितलेली केळ्यांची दारू. ती दारू काढायची म्हणजे काय, हे लेखक एका ओळीत उरकत नाही, सगळं सांगतो, कोण मदतीला आलं, काय विचारलं, कशात काय ओतलं, आणि वाचता वाचता आपल्याला कळतं की हा दंड म्हणजे पैसे मोजून सुटणं नाहीये. इतकी दारू एकट्याला काढताच येत नाही, शेजारी, भाऊबंद, मित्र लागतात, म्हणजे ज्यांच्या तोंडामुळे बायको गेली त्याच माणसांची गरज तिला परत आणायला पडते. मला हे फार म्हणजे फार आवडलं. रीत का असते ते कुठल्याही टिपणातून असं कळलं नसतं.

पुढे ती परत येते, वैदू गाठतात, औषधं, पथ्यं, मग मुलगा होतो, मग मुलगी. त्यांची आजारपणं, मोठी होणं, लग्नं, म्हातारपण. अख्ख्या कादंबरीत गोरा माणूस नाही. मिशन नाही, सरकार नाही, झेंडा नाही. लेखक आयुष्यभर मिशनच्या आसऱ्याने राहिला, जर्मन गेले इंग्रज आले ते सगळं त्याच्या डोळ्यांसमोर घडलं, आणि लिहायला बसल्यावर त्याने काळ निवडला तो त्याच्या आधीचा.

आता दुखरी बाजू. हस्तलिखित १९४५ मध्ये पुरं झालं. छापणार कोण? सिमार यांनी फ्रेंचमध्ये भाषांतर करायला घेतलं, पण ते पुस्तक व्हायच्या आत ते वारले. हस्तलिखित पडून राहिलं. १९६०च्या दशकाच्या शेवटी जेराल्ड आणि शार्लट हार्टविग हे अमेरिकन जोडपं केरेवेंच्या इतिहासाच्या कामासाठी बेटावर आलं, त्यांना हा म्हातारा माणूस आणि त्याची कादंबरी भेटली. पण केरेवेत छापायला कोणीच तयार नाही. शेवटी सत्तरी ओलांडलेल्या कितेरेझांनी स्वतःची अख्खी कादंबरी स्वतःच स्वाहिलीत आणली. दारेसलामच्या टांझानिया पब्लिशिंग हाऊसने १९८० ची तारीख घालून ती दोन भागांत काढली, छपाई झाली चीनमध्ये. १९८१ मध्ये कितेरेझा गेले.

३५ वर्षं. आणि जी भाषा टिकावी म्हणून लिहिलं ते मूळ हस्तलिखित हस्तलिखितच राहिलं. मला हे वाचल्यापासून चैन नाही. इथे कोणी टांझानियात राहिलेलं असेल, स्वाहिली येणारं असेल तर प्लीज लिहा.

जुना वाटसरू

ताई, धागा बघून खुर्चीतून उठून बसलो. मी टांझानियात म्वांझाला सात वर्षं होतो, कापसाच्या जिनिंगच्या मशिनरीचं काम होतं. उकेरेवेला चार-पाच वेळा गेलोय. म्वांझाहून नान्सिओला बोट, तीन-साडेतीन तास लागायचे, डेकवर बायका, कोंबड्या, सायकली, पोती, आणि चहूकडे पाणी. सरोवर म्हणायचं म्हणून, समुद्रच तो. वादळ आलं की लाटा बघवत नाहीत. उकेरेवेहून शेजारच्या उकारा बेटावर जाणारी एमव्ही न्येरेरे ही बोट २० सप्टेंबर २०१८ ला किनारा अगदी हातावर असताना उलटली, २०० हून जास्त माणसं गेली. मी तेव्हा परत आलो होतो, पण बातमी वाचून दोन दिवस जेवण गेलं नाही.

लेखकाचं नाव तिथे असताना ऐकलं होतं, पुस्तक वाचलेलं नाही, आता वाचणार.

केळ्यांच्या दारूबद्दल सांगतो, कारण मी बुकोबाकडे डोळ्यांनी बघितलंय. दारूची केळी वेगळी, भाजीची वेगळी, खायची वेगळी, तिथल्या माणसाला झाड बघून कळतं. हिरवे घड तोडून जमिनीत खड्डा करून आढी घालतात, केळीचीच पानं, वरून माती, ऊब दिलेली, काही दिवसांनी पिकतात. मग आख्ख्या झाडाच्या खोडातून कोरलेली डोण असते, आपल्याकडे गुरांना पाणी पाजायची असते ना तशी पण होडीएवढी, तीत सोललेली केळी आणि वर गवत टाकून पायाने तुडवतात. गवत कशाला तर नुसती केळी तुडवली तर चिखल होतो, रस सुटत नाही, गवताने तो सुटतो आणि गाळलाही जातो. मग पाणी, आणि भाजलेल्या ज्वारीचं भरडलेलं पीठ, त्याने ते आंबतं. डोण पानांनी झाकून ठेवायची. एक-दोन दिवसांत तयार. भोपळ्याच्या तुंब्यातून पितात. पहिला तुंबा कोणाला, नंतरचा कोणाला, हे ठरलेलं, आणि पाहुण्याला देताना आधी स्वतः घोट घेऊन दाखवतात.

त्यामुळे तुम्ही म्हणता ते शंभर टक्के खरं, एकट्या माणसाचं हे कामच नव्हे. डोण पण प्रत्येकाच्या घरी नसते, मागून आणावी लागते. ज्याच्याकडून आणली त्याचाही वाटा.

अवांतर: ज्वारी आणि नाचणी ही दोन्ही मूळची आफ्रिकेचीच, हजारो वर्षांपूर्वी आपल्याकडे आली. तिथल्या बाया नाचणी दळताना बघितल्या की मला कोकणातली माझी आजी आठवायची.

प्रतीक_न

वाचनीय धागा. पण थोडं वेगळं मत मांडतो, राग मानू नका. अशी पुस्तकं मी एक-दोन चाळलीत आणि मला दर वेळी हा प्रश्न पडतो की ही कादंबरी आहे की लोकजीवनाची नोंदवही? दारू कशी काढतात याची पानंच्या पानं, मग गोष्ट कुठे सरकते? आणि दुसरं म्हणजे वसाहतपूर्व काळ म्हणजे सगळं गोडगोड असं चित्र यात होत नाही ना? १९व्या शतकात उकेरेवे हस्तिदंताच्या व्यापारात होतं, लांबून काफिले यायचे, बेटावर गुलामही होते. ज्या हार्टविगांचा उल्लेख केलाय त्यांचंच संशोधन याच व्यापारावर आहे, आणि त्या काळात चेटुकाचे आरोप वाढले होते असंही त्यांनी मांडलंय. राजघराण्यातला माणूस लिहितोय म्हटल्यावर हे सगळं कोणाच्या अंगणातून दिसतंय हेही बघायला हवं.

रेवती१२

मला तर गोष्टीतल्या बाईचंच पडलंय. मूल नाही म्हणून तिलाच बोलणी, हे जगात कुठेही जा तेच. पण तिच्या माहेरच्यांनी तिला परत नेलं हे वाचून बरं वाटलं, नांद तिथेच म्हणून सांगितलं नाही! पाणकणीसताई, तिची स्वतःची बाजू येते का पुस्तकात की नुसती आणली आणि नेली?

पाणकणीस

@जुना वाटसरू, काका तुमचा प्रतिसाद मी तीनदा वाचला. गवत कशाला घालतात ते मला आज कळलं, मनापासून आभार.

@प्रतीक_न, राग कसला, प्रश्न बरोबर आहेत. पहिल्याचं उत्तर मला असं वाटतं की आपण कादंबरी म्हणून ज्याची सवय लावून घेतलीय त्यात काम करणारी माणसं कमी असतात. पात्रं विचार करतात, बोलतात, भांडतात, पण कोणी केळी तुडवत नाही. इथे माणसं हाताने काम करता करता बोलतात आणि त्यांचे स्वभाव त्या कामातून कळतात, कोण लवकर येतो, कोण आयत्या वेळी तुंबा घेऊन हजर, कोण बोलावल्याशिवाय येतच नाही. मला ती पानं कंटाळवाणी वाटली नाहीत. पण सुरुवातीची शंभर पानं धीर लागतो हे कबूल, नमस्कार-चमत्कारच इतके लांब चालतात, घरी कोण कसं, गुरं कशी, रात्र कशी गेली. मग हळूहळू लक्षात येतं की कोण कोणाला किती वेळ नमस्कार करतो यावरूनच भांडण मिटलंय की नाही ते कळतंय.

दुसऱ्या मुद्द्याला मात्र मी तुमच्याशी बऱ्यापैकी सहमत. म्योंबेकेरेचा संसार खाऊनपिऊन सुखी घरातला आहे, गुलामाच्या झोपडीतून तोच काळ वेगळा दिसला असता. पण गोडगोड नाहीये हो. आजार आहे, मुलं जाण्याची भीती तर पानापानावर आहे, चेटुकाचा संशय आहे, चुगल्या आहेत. आणि एक गोष्ट मला थोर वाटली. लेखक स्वतः श्रद्धाळू कॅथलिक. पूर्वजांना नैवेद्य, वैदूचा कौल, शकुन-अपशकुन हे सगळं त्याने लिहिलंय आणि कुठेही मध्ये येऊन हे चूक हे पाप असं म्हणत नाही. म्योंबेकेरेला जे खरं वाटतं ते खरं म्हणूनच येतं. मिशनच्या छायेत बसून १९४५ मध्ये असं लिहायला किती धैर्य लागलं असेल. तुलनेला लेसोथोचे थॉमस मोफोलो बघा, त्यांची सेसोथो भाषेतली झुलू राजा शाकावरची कादंबरी मोरिजाच्या मिशनच्या छापखान्यात वर्षानुवर्षं अडकून पडली होती, १९२५ ला बाहेर आली, कारण जादूटोणा आणि जुने विधी त्यात होते.

@रेवती१२, येते, चांगली येते. ती माहेरी असताना गप्प बसत नाही, आणि परत यायचं की नाही यात तिचं मन काय आहे ते लपवलेलं नाही. मला तर वाटतं लेखकाने या दोघांना जे दिलं ते त्याला स्वतःला मिळालं नव्हतं. त्याची आणि आन्नाची सगळी मुलं गेली, लोकांनी त्यालाही दुसरी कर म्हणून सांगितलं असणारच, तो तिच्याबरोबरच राहिला. आणि कागदावर त्याने असं एक जोडपं उभं केलं की ज्याला उशिरा का होईना मूल होतं आणि ते जगतं. मुलाचं नाव वाचताना म्हणूनच आत हलतं. त्या नावांचा अर्थ कोणी सांगेल का, मला नीट मांडता येणार नाही.

अनुवादवाली

नावांचं मी सांगते, भाषांतराच्या कामामुळे हे पुस्तक मला ठाऊक आहे. म्योंबेकेरे म्हणजे बांधणारा, घर उभारणारा. बुगोनोका या नावात संकट अचानक येतं असा अर्थ आहे. मुलगा न्तुलानाल्वो म्हणजे मी कायम त्याच्याबरोबरच असतो, आणि ते म्हणजे मरण. मुलगी बुलिह्वाली म्हणजे हे दुःख कधी संपणार. आपल्याकडे मुलं जगत नसली की दगडू, धोंडू, केरू अशी नावं ठेवायचे ना, मरणाची नजर पडू नये म्हणून? तिथे उलट मरणाचं नाव घेऊनच त्याला सांगतात की तू इथेच आहेस ते मला माहीत आहे.

स्वाहिली शीर्षकात बुगोनोकाला बीबी म्हटलंय, ब्वाना म्योंबेकेरे ना बीबी बुगोनोका. हा तोच आपला बीबी शब्द, समुद्रमार्गे तिकडे गेलेला. स्वाहिलीत तो आजीलाही वापरतात आणि मानाने बाईलाही. दुकानाला दुका म्हणतात.

आता कळीचा मुद्दा, केरेवेत का नाही छापलं. स्वतंत्र टांझानियात १२० च्या वर भाषा, आणि पहिले राष्ट्राध्यक्ष न्येरेरे यांनी सगळ्यांना जोडणारी म्हणून स्वाहिली धरली. शाळा, सरकार, रेडिओ, पुस्तकं. त्याचा फायदाही मोठा झाला, शेजारच्या देशांसारखे जमातीजमातींतले रक्तपात तिथे झाले नाहीत, हे मी कमी लेखणार नाही. पण एका बेटाच्या भाषेतली ६०० पानी कादंबरी या धोरणात बसत नव्हती. म्हणजे इथे इंग्रजीने केरेवेला मागे सारलं असं सरळ नाही, आफ्रिकेतल्याच मोठ्या भाषेने सारलं. न्गुगींची गोष्ट वेगळी. ते इंग्रजीत लिहून नावारूपाला आले, मग केनियातल्या कामिटीच्या तुरुंगात टॉयलेट पेपरवर आपल्या गिकुयू भाषेत कादंबरी लिहिली, ती १९८० मध्येच आली. त्यांच्या भाषेला लाखो वाचक होते आणि त्यांच्या नावाला जगाचे कान होते. कितेरेझांकडे दोन्ही नव्हतं, आणि ते न्गुगींच्या ३०-३५ वर्षं आधी हे करून बसले होते, कोणताही जाहीरनामा न लिहिता.

एक चांगली बातमी पण सांगते. २००२ मध्ये दारेसलामहून जे इंग्रजी भाषांतर आलं ते गेब्रिएल रुहुंबिका यांचं, स्वतः कादंबरीकार, स्वतः उकेरेवेचे. आणि त्यांनी ते स्वाहिलीवरून नाही, मूळ केरेवेवरून केलं. त्याआधी जर्मनमध्ये दोन भाग झाले होते, १९९१ आणि १९९३, ते स्वाहिलीवरून. पहिल्या भागाच्या जर्मन शीर्षकाचा अर्थ पाऊस पाडणाऱ्यांची मुलं. मग १९९६ ला फ्रेंच. स्वाहिलीत आणताना लेखकालाच कितीतरी केरेवे शब्द तसेच ठेवावे लागले, कारण भांड्याला, जाळ्याच्या प्रकाराला, गवताच्या जातीला स्वाहिलीत शब्दच नव्हता. किनाऱ्यावरच्या भाषेत सरोवराच्या माशाचं नाव कुठून असणार.

खानदेशकर

मी सहसा नुसता वाचनमात्र असतो पण आज राहवलं नाही. आमच्या घरी अहिराणी बोलतात. मी पुण्यात शिकलो, नोकरी इथेच, मुलं मराठी-इंग्रजी. वरचा शेवटचा परिच्छेद वाचला आणि गावी आईला फोन केला, म्हटलं खळ्यावर जे जे असायचं त्याची नावं सांग. ती हसायला लागली, हे काय आता मध्येच. मग सांगत बसली, पाऊण तास. तिवडा, म्हणजे मधला खांब ज्याभोवती बैल फिरायचे. पात, म्हणजे बैलांची रांग. वावडी, उपणायला उभं राहायची तिपाई. मातेरं, रास. हे शब्द प्रमाण मराठीतही आहेत पण मला अर्धे माहीत नव्हते, आणि तिने अहिराणीत जे वेगळे सांगितले ते लिहायचे कसे तेच मला कळेना, उच्चार कागदावर बसत नाही. शाळेत ती भाषा बोललो की मास्तर छडी मारायचे, लिहायचा प्रश्नच कधी आला नाही.

तर माझा प्रश्न असा की कितेरेझांनी लिपी, स्पेलिंग हे कसं ठरवलं? आधी कोणी केरेवे लिहीत होतं का?

अनुवादवाली

@खानदेशकर, पाद्री लोकांनी रोमन लिपीत लिहायला सुरुवात केली होती, प्रार्थना, धर्मशिक्षणाची पुस्तकं. कितेरेझा स्वतः मिशनसाठी केरेवेत भाषांतरं करायचे, त्यामुळे हात बसलेला होता. पण प्रार्थनेला जे शब्द लागतात आणि पाणघोड्याच्या शिकारीला जे लागतात त्यात जमीनअस्मानाचं अंतर. ते दुसरे शब्द बहुतेक पहिल्यांदा कागदावर त्यांच्याच हातून उतरले असणार. तुम्ही आईचे उच्चार मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवा, लिहायचं नंतर बघू.

प्रतीक_न

माझं मत थोडं बदललंय असं म्हणेन. नोंदवही म्हटलं ते घाईत म्हटलं. पुस्तक मागवतोय. पाणकणीस, कुठून सुरुवात करू, सहाशे पानं बघून छाती दडपते.

जुना वाटसरू

मी म्वांझाच्या एका जुन्या सहकाऱ्याला मेसेज केला होता, त्याचं आजोळ उकेरेवेचं. म्हणाला स्वाहिली दोन्ही भाग घरात होते, एक भाग कोणीतरी वाचायला नेला तो आलाच नाही. त्याची आजी केरेवे बोलायची, त्याला समजते, त्याच्या मुलांना नाही.

पाणकणीस

@प्रतीक_न, सुरुवातीपासूनच सुरुवात करा, उड्या मारू नका. नमस्कार लांबले तरी वाचा. दारूच्या पानांवर आलात की काकांचा वरचा प्रतिसाद शेजारी उघडून ठेवा.

@खानदेशकर, रेकॉर्ड केलंत तर इथे सांगा. वेगळा धागा काढू, तुम्ही अहिराणी शब्द जसे ऐकू येतात तसे टाका, बाकीचे भर घालतील. तिवड्यापासून सुरू करा.

@जुना वाटसरू, काका, तुमच्या मित्राला विचारा ना, दोनपैकी कुठला भाग राहिलाय घरात?